मन्नूबियाला काय दिसले

नौफलची थोरली बहीण सिहेम लग्न होऊन गाबेसला गेली, त्या वर्षीचा हिवाळा. मन्नूबिया मागावर बसून गाठींची नवी ओळ लोखंडी पंजाने खाली ठोकत होती. नौफल दार ढकलून आत आला, उंबऱ्यावर टेकला आणि पंजाचा आवाज थांबायची वाट पाहू लागला.

“जोडे,” मन्नूबिया मागे न बघता म्हणाली.

त्याने जोडे काढले.

“खालती,” त्याने मावशीला हाक मारली, “एक काम होतं.”

“शोरबा चुलीवर आहे. वाढून घे.”

“जेवायचं नाही. माझ्यासाठी इस्तिखारा करशील?”

पंजा तिच्या मांडीवर आला. मान वळवून तिने भाच्याकडे पाहिले. तिची बहीण फतूमा वारल्यापासून हा मुलगा तिच्याच घरी राहत होता. त्याचा बाप त्याआधीच पत्त्यांच्या डावांत दुकान घालवून कुठेतरी निघून गेला होता. नौफल कैरवानच्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकत होता. जेवण आणि धुतलेले कपडे सोडले तर मावशीकडे त्याने कधी काही मागितले नव्हते.

“कोण आहे?” तिने विचारले.

“कोण म्हणजे?”

“मुलगी कोण आहे?”

तो आपल्या जोड्यांकडे बघून हसला. “तू तर कुणाला विचारत नाहीस ना? शेजारची लतीफा सांगते, मन्नूबिया नाव विचारत नाही, गाव विचारत नाही.”

“लतीफा फार सांगते,” ती म्हणाली, आणि हो म्हणाली.

गल्लीतले लोक तिच्याकडे येत ते असेच. कुणाला मुलीचे लग्न ठरवायचे असे, कुणाला ऑलिव्हची झाडे विकायची असत, कुणाचा मुलगा होडीत बसून इटलीला निघालेला असे. जावे की थांबावे, एवढेच त्यांना विचारायचे असे. मन्नूबिया रात्रीच्या नमाजानंतर आणखी दोन रकात पढे, दुआ मागे, उजव्या कुशीवर निजे आणि झोप लागेपर्यंत कुणाशी बोलत नसे. पहाटे जे दिसले ते सांगे. पांढरे किंवा हिरवे दिसले तर जा. काळे किंवा लाल दिसले तर सोडून द्या. याचे ती काही घेत नसे. सांगितलेले खरे ठरले की लोक तिचे नाव घेत. खरे ठरले नाही तर आपल्याच मनात खोट होती असे समजून गप्प बसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नौफलला म्हणाली, “गच्चीवर चादर वाळत होती. हिरवी.”

त्याने तिच्या डोक्याचे चुंबन घेतले आणि न खाताच बाहेर पडला. संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या हातात मक्रूदचा, खजूर भरलेल्या मिठाईचा, खोका होता आणि खांद्यावर गॅसची नवी शेगडी.

“हे कुठून?”

“शिकवणी घेतली. तुझे पाय गार पडतात ना रात्री?”

मन्नूबियाने एक मक्रूद तोंडात टाकला. मुलीकडून होकार आला असणार, असे तिच्या मनात आले. तिने विचारले नाही.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा उंबऱ्यावर बसला.

“अरे, हिरवं म्हणून सांगितलं ना मी?”

“हे वेगळं काम आहे, खालती.”

“म्हणजे दुसरी? या देशात दोन बायका केल्या की तुरुंगात टाकतात, माहीत आहे ना?”

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तिलाही बरे वाटले. फतूमा गेल्यापासून या घरात असे कुणी हसले नव्हते.

त्या हिवाळ्यात तो दर आठवड्याला विचारू लागला. मग आठवड्यातून दोनदा. तिने सांगितले की तो उठून जाई. परत येताना कधी हातात काहीतरी असे, कधी नसे. नसे त्या दिवशी तो तिला आदल्या सकाळचे पुन्हा सांगायला लावी. चादर होती की पडदा? नीट आठव. कडेला काही दुसरा रंग होता का? आणि तिला कडेला काहीतरी होते असे आठवले, की त्याचा चेहरा सैल होई.

“बघ. म्हणजे तू बरोबरच सांगितलं होतंस. माझंच ऐकण्यात चुकलं.”

एकदा जेवताना तो कॉलेजातल्या कामाबद्दल बोलू लागला. फोनवरून फुटबॉलवर पैजा लावणारी मुले वसतिगृहात वाढली होती. त्यांच्यातली कोणती बुडतात आणि कोणती चार दिवस खेळून सोडून देतात, हे शोधायला प्राध्यापकांनी त्यांच्या वर्गाला सांगितले होते. नौफल मुलांना भेटून प्रश्न विचारत असे.

“आधीच ओळखता येतं, खालती. चेहऱ्यावर लिहिलेलं असतं म्हण ना.” तो पावाचा तुकडा हरिसाच्या तिखट चटणीत बुडवत म्हणाला. “पहिल्याच पैजेत जिंकलेला मुलगा. घरात कुणीतरी जुगार खेळलेलं. संध्याकाळ रिकामी गेली की ज्याचा जीव घुसमटतो असा. आधी करतो आणि मग विचार करतो असा. पण सगळ्यात वाईट कोण, माहीत आहे?”

“कोण?”

“ज्याला वाटतं की आपल्याला कळतं. बाकीचे नशिबावर खेळतात, आपण नाही. हरला तरी म्हणतो, थोडक्यात गेलं, म्हणजे आपण जवळ पोचलो होतो. असा मुलगा सुटत नाही.”

“बिचारे,” मन्नूबिया म्हणाली. टेबलाखाली त्याचा गुडघा सारखा हलत होता. पेल्यातले पाणी थरथरत होते. “आणि तू काय सांगतोस त्यांना?”

“मी कशाला सांगू? मी फक्त विचारणारा.”

वसंत ऋतू आला तशी स्वप्ने बदलली.

पूर्वी तिला दिसे ते ओळखीचे असे. वाळत घातलेली चादर, पुदिन्याची जुडी, आईच्या हाताची मेंदी. आता तिला एक मैदान दिसू लागले. तिथे रात्र असे आणि तरी दुपारपेक्षा लख्ख उजेड असे. गवतावर माणसे धावत, आणि प्रत्येकाच्या पायाशी एक नाही, तीन सावल्या असत. चहूकडे पायऱ्यांवर माणसे दाटीने बसलेली असत. ती तोंडे उघडत, हात वर करत. पण कसलाच आवाज नसे. मैदानाच्या एका कोपऱ्यावरचा दिवा विझलेला असे, आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्यात कुणीतरी तिच्याकडे तोंड करून उभे असे. ते काही बोलत नसे. पण काहीतरी विचारले जात आहे, आणि उत्तर आपण द्यायचे आहे, हे तिला कळे.

जाग आली की तिचे पाय गार असत, आणि ओल्या गवताचा वास अंथरुणाला येई. शेगडी पेटवूनही तो जात नसे.

रंग मात्र दिसत. धावणाऱ्या माणसांच्या अंगावर ते असत. ती नौफलला तेवढेच सांगे.

मग न विचारताही मैदान दिसू लागले. नमाज न पढता, दुआ न मागता, दुपारी भिंतीला टेकून डोळा लागला तरी ते उजळलेले असे. जणू तिथला दिवा कुणी मालवतच नव्हते.

याच सुमारास शेजारची लतीफा आपल्या मुलीसाठी, अबीरसाठी, विचारायला आली. सूसच्या एका मुलाने मागणी घातली होती. हॉटेलात कामाला होता, स्वभावाने बरा वाटत होता.

“तू बघ एकदा,” लतीफा म्हणाली. “माझी तर दोन्हीकडून झोप उडालीय. नाही म्हणावं तर पोरगी रडते, हो म्हणावं तर मीच रडते.”

मन्नूबियाने त्या रात्री मनापासून दुआ मागितली. सकाळी लतीफा कॉफीचे भांडे घेऊन दारात हजर होती.

“काही दिसलं नाही,” मन्नूबिया म्हणाली.

“दिसलं नाही, की सांगायचं नाही?”

“दिसलं ते तुझं नव्हतं.”

लतीफाने भांडे खाली ठेवले आणि तिच्याकडे पाहिले. “बरं वाटत नाही का तुला? रंग उतरलाय तोंडाचा.”

“झोप होत नाही.”

“रात्रभर झोपतेस तू. भिंतीपलीकडे घोरणं ऐकते मी तुझं.”



त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, मन्नूबिया रंगाऱ्याकडून लोकर घेऊन वेशीजवळून परत येत होती. अम्मारच्या कॅफेत गर्दी होती. एरवी ती त्या बाजूला बघत नसे. पण आतल्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा आवाज झाला, म्हणून ती दारापाशी थबकली.

समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. कुठल्यातरी दूरच्या पूर्वेकडच्या देशातला सामना चालला होता. इथे ऊन होते आणि तिथे रात्र होती. लख्ख उजेडात माणसे धावत होती. एकेकाच्या पायाशी तीन सावल्या होत्या. चित्र हळूहळू सरकले आणि मैदानाचा दुसरा कोपरा दिसू लागला. तिथला दिवा विझलेला होता.

लोकरीची पिशवी तिच्या हातातून घसरली.

“या, या खालती,” अम्मार काउंटरवरून म्हणाला. “लाजू नका. तुमचा भाचा आज आम्हा सगळ्यांना श्रीमंत करणार आहे. तीन दिवस झाले, माझ्या कॉफीचे पैसे मात्र देत नाहीये.”

माणसे हसली. नौफल सगळ्यात पुढच्या खुर्चीत होता. हातात फोन होता, पण तो फोनकडे बघत नव्हता, पडद्याकडेही नाही. जे ठरलेलेच आहे ते घडायची वाट बघत बसावे, तसा तो डोळे अर्धे मिटून बसला होता. हिरव्या कपड्यांतल्या माणसाने गोल केला तेव्हा बाकीचे उठून उभे राहिले. तो बसूनच राहिला. मग त्याने मान वळवली आणि दारात उभी असलेली मावशी त्याला दिसली.

घरी तिने जोडे काढायची वाट पाहिली नाही.

“माझ्या नमाजावर तू जुगार खेळतोस.”

“जुगार नाही हा, खालती. ऐकून तरी घे.”

“पैशाची पैज म्हणजे दुसरं काय असतं?”

“जुगाऱ्याला माहीत नसतं म्हणून तो जुगार. मला माहीत असतं. तू सांगतेस ना मला.” तो तिच्यासमोर खाली बसला. त्याचा आवाज मऊ होता, लहान मुलाला समजवावे तसा. “एक संघ हिरवा, एक लाल, असा सामना शोधतो मी. किंवा पांढरा आणि काळा. जगात रोज कुठे ना कुठे असतोच. तू जे सांगशील त्याच्यावर लावतो. चुकतं कधीतरी, पण ते माझ्या समजण्यात. तुझं चुकत नाही.”

“तू वसतिगृहातल्या पोरांना विचारायला जातोस ना? त्यांच्यात आणि तुझ्यात फरक काय?”

नौफलने खरोखर विचार केला. ते तिने पाहिले. त्याच्या कपाळावर आठी आली आणि गेली.

“त्यांना मावशी नाही,” तो म्हणाला.

मन्नूबियाने त्या दिवसापासून इस्तिखारा करणे बंद केले. त्याच्यासाठी नाही आणि कुणासाठीच नाही. जानमाज, नमाजाची सतरंजी, गुंडाळून तिने कपाटावर ठेवली. रोजची पाच वेळची फर्ज नमाज ती शेजारी लतीफाकडे जाऊन पढू लागली. मैदान दिसायचे थांबले नाही. पण तिने सांगायचे थांबवले.

नौफल महिनाभर तिच्याशी नीट वागला. मग नजर चुकवू लागला. मग एक दिवस दुपारी कॉलेजच्या वेळेला घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“आईचं कडं,” तो म्हणाला.

फतूमाचे सोन्याचे कडे मन्नूबियाने कपाटात कापडात बांधून ठेवले होते. नौफलच्या बायकोच्या हातात ते घालायचे, असे फतूमाने मरताना सांगितले होते. मन्नूबियाने कापड काढून पाहिले. गाठ तशीच होती. आत काही नव्हते.

“तुझ्याशिवाय लावून पाहिलं,” तो म्हणाला. “सगळं गेलं. तूच आहेस ती, खालती. मी काही नाही. फक्त एकदा. कडं सोडवून आणतो, तुझ्या हातात देतो, आणि संपलं. आईची शपथ.”

“आईला मध्ये आणू नकोस.”

“मग कुणाची घेऊ?”

तो रडत होता. रडतानाही गुडघा हलत होता. मन्नूबियाने त्याच्याकडे पाहिले आणि तिच्या मनात एक गोष्ट आली. ती इतकी साधी होती की तिला तिचीच भीती वाटली. जे दिसेल त्याच्या उलटे सांगायचे. तो हरेल. कडे जाईल. पण मावशीचा शब्द खोटा पडतो हे एकदा कळले, की मुलगा सुटेल. न पाहिलेले स्वप्न सांगणाऱ्याला कयामतीच्या दिवशी जवाच्या दोन दाण्यांची गाठ मारायला लावतात, आणि ती गाठ कधी बसत नाही, हे तिने लहानपणापासून ऐकले होते. गाठी मारण्यातच तिचा जन्म गेला होता. ती म्हणाली, “बरं. कोणते रंग?”

“पांढरा आणि लाल.”

त्या रात्री मैदान पूर्वीपेक्षा जवळ होते. धावणारी माणसे नव्हती. चहूकडच्या पायऱ्याही रिकाम्या होत्या. फक्त एका जागी, खालच्या रांगेत, एक बाई बसली होती. तिने अंगभर गुंडाळायची पांढरी सफसारी पायांपर्यंत ओढून घेतली होती. ती फतूमा होती. तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तिने हात पुढे केला. मनगट मोकळे होते. मग सफसारीचा पदर तिने उचलून धरला, मन्नूबियाला तो नीट दिसावा म्हणून. पांढरा. त्यावर दुसरा कसलाही ठिपका नव्हता.

सकाळी नौफल दाराशी बसला होता. त्याने जोडे काढून नीट जोडीने ठेवले होते.

“लाल,” मन्नूबिया म्हणाली.

“नक्की?”

“लालच. डोळे दिपवणारं.”

दिवसभर ती मागावर बसली. गाठी चुकत होत्या. ती उसवत होती आणि पुन्हा बांधत होती. दुपार कलली तेव्हा वेशीकडून आरडाओरडा ऐकू आला. तो आनंदाचा होता की रागाचा ते तिला कळेना. मग गल्लीत धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला.

नौफलने तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्या मांडीवर कपाळ टेकले. शेवटच्या क्षणाला, तो सांगत होता, गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला. असे होत नाही कधी. हातात आलेला चेंडू, खालती, आणि आपोआप आत गेला. लाल जिंकले. त्याने खिशातून कडे काढून तिच्या तळहातावर ठेवले.

कडे गार होते. मन्नूबियाने मूठ मिटली नाही.

“मी खोटं सांगितलं,” ती म्हणाली.

“काय?”

“मला पांढरं दिसलं होतं. तुझी आई दिसली. पांढऱ्या सफसारीत. मी तुला उलटं सांगितलं, तू हरावास म्हणून.”

नौफल उठून बसला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले, ती थट्टा करते आहे का ते बघायला. नव्हती करत. मन्नूबियाला वाटले, आता तो चिडेल. आता त्याला समजेल. माझ्या स्वप्नात काही नव्हते, कधीच नव्हते, हे त्याला कळेल. आणि ते आपल्यालाही आत्ताच कळते आहे, असे तिला वाटले. आपल्या शब्दावर होडीत बसलेली मुले आणि सासरी गेलेल्या मुली एकेक करून तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

नौफलच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत होता.

“म्हणजे झोपायचीसुद्धा गरज नाही,” तो म्हणाला. “तू नुसतं बोललीस तरी होतं.”

तेव्हापासून तो तिचे बोलणे ऐकू लागला. ती मिरची निवडताना लतीफाला म्हणाली, “ही हिरवी ठेव बाजूला,” तर दाराआड काहीतरी हलले आणि नौफल बाहेर पडला. ती दुधाला नासले म्हणाली, टोमॅटोला पिकले म्हणाली. तो ओट्यापाशी उभा असे. मन्नूबियाने रंगांची नावे घेणे सोडले. मग वस्तूंची सोडली, कारण वस्तूंना रंग असतात. लतीफा विचारायची, “काय झालं तुला, अगं? जीभ गिळलीस का?” आणि मन्नूबिया तिचा हात दाबायची. उन्हाळा संपता संपता ती बोलायचीच थांबली. आपल्या जिभेवर दुसरे कुणीतरी बसून आहे असे तिला वाटू लागले होते. ते बाहेर येण्यासाठी तिच्याच तोंडाची वाट बघत होते.

मग तो तिचा गालिचा बघू लागला. सकाळी उठून मागासमोर उभा राही आणि रात्री थांबलेली ओळ कोणत्या लोकरीची आहे ते पाही. कॉलेजात जाणे त्याने सोडले होते. प्राध्यापकांना द्यायचे काम अर्धेच पडले होते. कडे पुन्हा गेले होते. मन्नूबियाने रंगवलेली लोकर बाजूला केली आणि मेंढीच्या अंगावर असते तशी न रंगवलेली विणायला घेतली. तर तो पांढुरकी आणि तपकिरी यांच्यात बघू लागला. तिने विणलेले सगळे उसवून टाकले. नुसता ताणा राहिला, उभे मोकळे धागे, आणि त्यांच्यामधून पलीकडचा नौफल दिसत असे.

“खालती,” तो एकदा धाग्यांच्या पलीकडून म्हणाला, अगदी हळू. “तू रागावली आहेस हे मला कळतं. पण तू सांगतेसच. तुला न सांगता येत नाही.”

ती उंबरा ओलांडताना कोणता पाय आधी टाकते, तेही तो बघू लागला होता. हे तिच्या लक्षात आले त्या दिवसापासून तिने अंथरूण सोडले नाही. लतीफा भरवायला येई. मन्नूबिया उताणी निजे. ना उजव्या कुशीवर, ना डाव्या. हात अंगाशी सरळ. डोळे छताकडे. डॉक्टर येऊन गेले. त्यांना काही सापडले नाही. वय झाले, म्हणाले.

शेवटच्या सकाळी लतीफा तिचे पाय चोळत होती. ते बर्फासारखे होते, आणि खोलीला पावसात भिजलेल्या गवताचा वास येत होता. बाहेर कोरडे ऊन होते. मन्नूबियाचे ओठ हलले. लतीफाने कान तिच्या तोंडाशी नेला.

“तो विचारेल तुला,” मन्नूबिया म्हणाली. कित्येक महिन्यांनी ऐकलेला तो आवाज लतीफाने आधी ओळखलाच नाही. “काही नाही म्हण.”

“कोण विचारेल? काय विचारेल?”

मन्नूबियाने पुन्हा काही सांगितले नाही.

बायकांनी तिला आंघोळ घातली, पुरुषांनी तिला नेले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी कुसकूस शिजवला. सिहेम गाबेसहून आली होती, ती कोपऱ्यात बसून रडत होती. लतीफा अंगणात भांडी घासत असताना नौफल तिच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याने दाढी केली होती. डोळे कोरडे होते.

“जाताना काही म्हणाली का?”

लतीफाने त्याच्याकडे पाहिले. त्याचा अंगठा खिशातल्या फोनवर फिरत होता. कापडावरून ते दिसत होते. तिच्या हातातले पातेले थांबले. मन्नूबियाने सांगितलेले त्या क्षणी तिला समजले, आणि राखेने माखलेले हात तिने पाण्यात बुडवले.

“काही नाही म्हणाली.”

“एकही शब्द नाही?”

“नाही रे पोरा. काहीच नाही.”

“हात हलवला? मान वळवली?”

“सरळ होती. तशीच गेली.”

नौफलने मान हलवली. तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला, अवघड गणित मनात सोडवावे तसा. मग त्याच्या कपाळावरची आठी सुटली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचा गुडघा स्थिर होता.

“म्हणजे बरोबरी,” तो म्हणाला, लतीफाला नाही. आणि फोन बाहेर काढत तो वेशीच्या दिशेने निघून गेला.

मन्नूबिया त्या वर्षी रजब महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी, दुपारच्या अजानच्या थोडे आधी वारली.